शितावरून भाताची परीक्षा नको

शाळेच्या खिचडीत वेगळा तांदूळ येऊ लागला, त्या वर्षीची गोष्ट. प्रार्थना नुकतीच संपली होती. सातवीतल्या एका मुलीची आई पदराला गाठ मारून काही घेऊन आली आणि प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहिली. गाठ सोडून तिने माझ्या टेबलावर वीस-पंचवीस दाणे मांडले. "मॅडम, ह्यो तांदूळ पोरांना घालू नका. ह्यात प्लॅस्टिकचं दाणं हाईत. पाण्यात टाकलं की वर येत्यात."

दाणे खरोखरच वेगळे होते. थोडे पिवळसर, निस्तेज, सगळे जरा जास्तच एकसारखे. मला कारण माहीत होते. १५ ऑगस्ट २०२१ रोजी लाल किल्ल्यावरून घोषणा झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने, मार्च २०२४ पर्यंत, रेशन दुकान, अंगणवाडी आणि शालेय पोषण आहार या सगळ्यांत पोषणद्रव्ये मिसळलेला तांदूळ पोचला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व घालून यंत्रातून त्याचे दाणे पाडतात आणि शंभर किलो तांदळात असे एक किलो दाणे मिसळतात. हे सगळे मी तिला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले, मान हलवली आणि दाणे पुन्हा पदरात बांधू लागली. तिला पटले नव्हते. का पटावे? तिने स्वतःच्या डोळ्यांनी दाणा पाहिला होता आणि मी नुसते बोलत होते.

मी म्हटले, "ताई, दुपारपर्यंत थांबता का? आपण जाळून बघू."

नववीतल्या चार मुली हाताशी घेतल्या. त्या बाईंनीच संशयित दाण्यांतले दहा निवडले आणि साधे दहा बाजूला काढले. दोन दाण्यांवर आयोडीनचा थेंब टाकला, एक साधा, एक संशयित. दोन्ही निळे-काळे झाले, म्हणजे दोन्हींत पिष्ट आहे. उरलेले दाणे चिनी मातीच्या दोन वेगळ्या क्रुसिबलमध्ये घालून बर्नरवर ठेवले. आधी धूर आला, भाकरी करपल्याचा वास आला, दाणे काळे पडले आणि हळूहळू बुडाशी चिमूटभर राख उरली. प्लॅस्टिक वितळते, त्याची तार निघते, वास घशाला झोंबतो. तसे काही झाले नाही. राख थंड झाल्यावर दोन्हींत दहा-दहा मिलीलिटर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पाच मिनिटे उकळू दिले, गाळले, परीक्षानळ्यांत ओतले. दोन्ही द्रावणे पाण्यासारखी दिसत होती. मग दोन्हींत पोटॅशियम थायोसायनेटचे द्रावण घातले.

साध्या दाण्यांची नळी तशीच राहिली. दुसरी एका क्षणात रक्तासारखी लालभडक झाली.

त्या माउलीने नळी हातात घेऊन उजेडाकडे धरली. बराच वेळ पाहत राहिली. मग तिने जो प्रश्न विचारला, त्यासाठी मी हा लेख लिहिते आहे. ती म्हणाली, "मग आमच्या बाजरीत किती आसतंय?"

आमच्या शाळेत, आणि माझ्या माहितीतल्या बहुतेक शाळांत, विज्ञान "आहे का" या प्रश्नापाशी थांबते. पिष्ट आहे का? आहे. लोह आहे का? आहे. टिकमार्क, पुढचा प्रयोग. "किती" हा प्रश्न मात्र शाळेत पाय न ठेवलेल्या बाईला पहिल्या झटक्यात सुचला, कारण तिला रोज सहा माणसांचे ताट वाढायचे असते. माझे आवाहन शिक्षकांना आहे, पालकांना आहे, शाळा व्यवस्थापन समितीवर बसणाऱ्यांना आहे, आणि गाव सोडून पुण्या-मुंबईत किंवा परदेशात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनाही आहे: आपल्या गावच्या शाळेत अन्नातले लोह मोजायला सुरुवात करा. यासाठी लागणारे बरेचसे सामान शाळेच्या कपाटात आधीच पडून आहे.

हे इतक्या तळमळीने सांगण्याचे कारण वर्गातच बसलेले असते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक जणींत रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांत हे प्रमाण जवळपास ६९ टक्के होते. आधीच्या पाहणीपेक्षा दोन्ही आकडे वाढलेले. तासाला मान टेकवून बसणारी, खेळाच्या तासाला पोटात दुखते म्हणणारी, एक जिना चढून धापा टाकणारी मुलगी आळशी आहे असे आपण किती सहज म्हणतो! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीला दिवसाला ३२ मिलीग्रॅम लोह लागते आणि त्याच वयाच्या मुलाला २६. आणि आपल्या बऱ्याच घरांत ताट वाढताना आधी मुलाचे वाढतात.

मग उपाय म्हणून घरात काय सांगितले जाते? बीट खा, रक्त वाढेल. डाळिंब खा, रक्त वाढेल. लाल ते रक्ताचे, हा आपला हिशेब. पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत शंभर ग्रॅम बिटात लोह एक मिलीग्रॅमही नाही. डाळिंबाच्या दाण्यांत त्याच्याही निम्म्याहून कमी. उलट राखाडी दिसणाऱ्या बाजरीत सहाच्या वर आहे. हिरव्या माठात चारच्या वर, पालकात तीनच्या आसपास, पॉलिश केलेल्या तांदळात पाऊण मिलीग्रॅमच्या आत. एका मध्यम भाकरीला साठ ग्रॅम पीठ धरले तर त्यातून पावणेचार मिलीग्रॅमच्या आसपास लोह पोटात जाते. तेवढ्यासाठी दाणे सोलून डाळिंबे खायची म्हटली तर किलोभर दाण्यांनीही भागत नाही. बाजारात डाळिंबाचा भाव काय असतो, ते मी सांगायला नको.

प्रयोगशाळेत हे फार सुंदर दिसते. बिटाचा कीस क्रुसिबलमध्ये घातला की त्याचा तो गडद रंग बर्नरवर जळून जातो. पांढुरकी राख उरते, आम्लात विरघळून रंगहीन होते, आणि थायोसायनेट घातल्यावर जेमतेम गुलाबी छटा येते. बाजरीच्या राखेला मात्र चांगला लाल रंग चढतो. लाल दिसणारे फिके पडले आणि राखाडी लाल झाले, हे एकदा पाहिलेली मुलगी घरी जाऊन आईला सांगते, आणि तिचे सांगणे माझ्या शंभर व्याख्यानांपेक्षा जास्त कामाला येते.

आता "किती" कडे वळू. यंत्र नसले तरी सुरुवात अडत नाही. फेरिक अॅलम हा क्षार बऱ्याच कनिष्ठ महाविद्यालयांत असतो. तो ०.८६ ग्रॅम घेऊन, थोडे आम्ल घालून, एक लिटर द्रावण केले की त्यात लिटरला १०० मिलीग्रॅम लोह असते. यातले १, २, ३, ४, ५ मिलीलिटर वेगवेगळे घेऊन प्रत्येकी १०० मिलीलिटरपर्यंत विरल आम्लाने वाढवा. लिटरला १ ते ५ मिलीग्रॅमची पाच द्रावणे तयार झाली. प्रत्येकातले दहा मिलीलिटर परीक्षानळीत घ्या आणि प्रत्येकीत सारखेच, दोन मिलीलिटर थायोसायनेट घाला. थायोसायनेटचे द्रावण १०० मिलीलिटर पाण्यात दहा ग्रॅम असे केलेले चांगले, म्हणजे ते कमी पडत नाही. फिक्या गुलाबीपासून गडद लालपर्यंत रंगांची शिडी समोर उभी राहते. खाली पांढरा कागद ठेवून नळ्यांत वरून डोकावा. आपल्या नमुन्याची नळी कोणत्या दोन पायऱ्यांच्या मध्ये बसते ते डोळ्यांनीही सांगता येते. हा रंग थोड्या वेळाने फिका पडू लागतो, म्हणून सगळ्या नळ्यांत थायोसायनेट एकाच वेळी घाला आणि लगेच पाहा.

बाजरीचे ५ ग्रॅम पीठ जाळून त्याच्या राखेचे शेवटी १०० मिलीलिटर द्रावण केले, तर हिशेब तोंडी होतो: शिडीवर जो आकडा येईल त्याची दुप्पट म्हणजे शंभर ग्रॅम बाजरीतले लोह, मिलीग्रॅममध्ये. समजा ३ आले, तर ६. तांदळासारख्या गरीब धान्याला वीस ग्रॅम घ्यावे लागते, नाहीतर नळीत काही दिसतच नाही.

डोळा मात्र थकतो, आणि दोन मुलींचे डोळे सारखे नसतात. इथे वर्णपटमिती कामाला येते. नाव भारदस्त असले तरी गोष्ट घरातली आहे. कोकम सरबताच्या पेल्यापलीकडे दिवा धरला तर उजेड कमी होतो. पहिल्या पेल्याने उजेड निम्मा केला, तर त्याच्यामागे तसाच दुसरा पेला ठेवला की उरलेल्याचा पुन्हा निम्मा होतो, म्हणजे पाव. दोन पेले ठेवण्याऐवजी एकाच पेल्यात दुप्पट कोकम घातले तरी तेच. लाम्बर्टने १७६० मध्ये आणि बिअरने १८५२ मध्ये जे मांडले, त्याचा गाभा एवढाच. निम्मा उजेड म्हणजे ०.३० आणि पाव उजेड म्हणजे ०.६०, असे लॉगरिदममध्ये लिहिले की लोह दुप्पट झाल्यावर आकडाही दुप्पट होतो आणि आलेखावर सरळ रेघ येते. लॉग टेबलाचे पुस्तक मुलांना ओझे वाटते. या एका कामासाठी ते उघडले की ओझे वाटत नाही, हा माझा अनुभव आहे.

आता एक चूक आधीच सांगून ठेवते, कारण ती जवळजवळ प्रत्येक जण करतो. द्रावण लाल आहे म्हणून त्यावर लाल प्रकाश टाकायचा नाही. लाल द्रावण लाल दिसते कारण लाल प्रकाश ते अडवतच नाही. ते निळा आणि हिरवट प्रकाश गिळते. सर्वात जास्त गिळते ते ४८० नॅनोमीटरच्या आसपास. म्हणून कलरिमीटरवर, म्हणजे रंगमापीवर, निळी काच लावा. कलरिमीटर नसेल तर निळा एलईडी घ्या, त्याचा प्रकाश साधारण ४७० नॅनोमीटरचा असतो. मुलांना हे आधी दाखवायचे असेल तर एक जुनी सीडी पुरते. खिडकीच्या फटीतून येणारा उजेड तिच्यावर घेऊन रंगांचा पट्टा दिसू द्या आणि मध्ये लाल नळी धरा. पट्ट्यातला निळा-हिरवा भाग काळवंडतो, लाल तसाच राहतो. अन्नातले लोह उजेडाचा नेमका कोणता भाग घेऊन गेले, ते सातवीच्या मुलालाही दिसते.

घरचा रंगमापी असा होतो: बुटाच्या खोक्याला आतून काळा कागद, एका बाजूला निळा एलईडी, मध्ये परीक्षानळीचे भोक, दुसऱ्या बाजूला जुन्या कॅल्क्युलेटरची छोटी सौर पट्टी आणि तिला मल्टीमीटर, मायक्रोअँपिअरवर लावलेला. पुष्कळ जण सौर पट्टीऐवजी एलडीआर, म्हणजे उजेडाप्रमाणे रोध बदलणारा घटक, वापरतात. वापरू नका. उजेड निम्मा झाला की सौर पट्टीचा प्रवाह निम्मा होतो, एलडीआरचे तसे सरळ नसते आणि मग रेघ वाकडी आली म्हणून मुले नाउमेद होतात. नळी दर वेळी तीच वापरा आणि तिच्यावर एक खूण करून ती खूण एकाच दिशेला ठेवा. परीक्षानळीची काच सगळीकडे सारखी नसते.

आता आमच्या फसगतीबद्दल. ती लपवली तर हे आवाहन अर्धवट राहील.

पहिल्या वर्षी आमचे सगळे आकडे अवाच्या सवा आले. तांदळातही बाजरीएवढे लोह! मुली आनंदल्या, मी घाबरले. दोन आठवडे शोधाशोध केल्यावर कारण सापडले. शुद्ध आम्ल संपले होते म्हणून कोणीतरी बाजारातले, फरशी धुण्याचे पिवळसर अॅसिड आणले होते. त्याचा पिवळेपणा बऱ्याचदा त्यातल्या लोहाचाच असतो. आम्ही धान्यातले नाही, बाटलीतले लोह मोजत होतो. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: प्रत्येक वेळी एक नळी अन्नाशिवायची. तेच आम्ल, तेच पाणी, तोच गाळणकागद, तेच थायोसायनेट, फक्त अन्न नाही. ती नळी लाल झाली तर त्या दिवशीचे काम रद्द. पाणीही नळाचे किंवा बोअरचे नको. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी सगळीकडे मिळते.

दुसऱ्या खेपेला दगा दिला तो खलबत्त्याने. बाजरी लोखंडी खलबत्त्यात कुटली होती. चिनी मातीचा खल वापरला आणि आकडा खाली आला. पालेभाजीचे तर विचारूच नका. मुळाशी चिकटलेल्या मातीच्या एका कणात पानभर लोह असते. म्हणून भाजी तीन पाण्यांनी धुवायची, शेवटचे पाणी डिस्टिल्ड.

मोठी माणसेही यात फसली आहेत असे मला वाटते. बाळंतिणीला आपण अळिवाचे लाडू देतो. जुन्या तक्त्यांत शंभर ग्रॅम अळिवात १०० मिलीग्रॅम लोह लिहिलेले होते आणि तो आकडा अजूनही सांगितला जातो. २०१७ च्या तक्त्यांत तो वीसच्या खाली आहे. वीसच्या खाली असला तरी अळीव चांगलेच आहे, लाडू बंद करायचे कारण नाही. पण १०० आणि २० मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो माती-धुळीमुळे पडला, वाणामुळे की मोजण्याच्या रीतीमुळे, हे आपल्या गावच्या अळिवावर मुले पडताळून पाहू शकतात. पालकाची गोष्टही अशीच. दशांशचिन्ह चुकल्यामुळे पालकातले लोह दहापट समजले गेले, ही कथा १९८१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली आणि जगभर पसरली. मीही ती वर्गात वर्षानुवर्षे सांगत आले. २०१० मध्ये एका संशोधकाने तिचा माग काढला, तेव्हा दशांशचिन्हाच्या त्या चुकीचा पुरावाच मिळाला नाही. चूक दाखवणारी गोष्टसुद्धा कोणी तपासली नव्हती. मी ती सांगणे बंद केले.

आणखी एक गोष्ट थोडी कठीण आहे, पण शिक्षकांनी ती टाळू नये. धान्यात फॉस्फेट भरपूर असते आणि ते लोहाला धरून ठेवते, त्यामुळे थायोसायनेटचा लाल रंग खऱ्यापेक्षा फिका येऊ शकतो. याची तपासणी सोपी आहे. नमुन्याच्या द्रावणाचे दोन भाग करा. एकात लिटरला २ मिलीग्रॅम वाढेल एवढे माहीत असलेले लोह घाला. दोन्हींच्या आकड्यांत बरोबर २ चा फरक आला तर ठीक. दीडच आला तर रंग कोणीतरी खाल्ला आहे, आणि तुमचा पहिला आकडाही त्याच प्रमाणात कमी आहे. आम्ल वाढवा, थायोसायनेट वाढवा, पुन्हा पाहा. जवळच्या महाविद्यालयात फिनॅन्थ्रोलिन मिळाले तर त्याने लोहाचा केशरी रंग येतो, तो बराच वेळ टिकतो आणि ५१० नॅनोमीटरला मोजतात.

आता त्या तांदळाकडे परत येते, कारण सर्वात मोठा धडा तिथेच आहे. नियमाप्रमाणे अशा एक किलो तांदळात लोह २८ ते ४२.५ मिलीग्रॅम असायला हवे. पण त्यातले बहुतेक त्या शंभरातल्या एका दाण्यात असते. त्या एका दाण्यात जेवढे लोह, तेवढे अडीचशे साध्या दाण्यांत मिळूनही नसते. पाच ग्रॅम तांदूळ म्हणजे सुमारे अडीचशे दाणे, म्हणजे वेगळे दाणे दोन किंवा तीन. एखाद्या मुठीत एकही येणार नाही, एखादीत पाच येतील. मुलींच्या एका गटाने जाहीर केले की तांदळात लोह नाही, सरकार फसवते. दुसऱ्याने सांगितले की दुप्पट आहे. दोन्ही गटांनी काळजीपूर्वक मोजले होते. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपल्या आज्यांच्या भाताला लागू होती, कारण त्या पातेल्यातले प्रत्येक शीत सारखे होते. या तांदळाला ती लागू नाही. अर्धा किलो घ्या, कागदावर ढीग करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. शेवटी उरलेले शंभरेक ग्रॅम सगळे दळा आणि त्यातले वीस ग्रॅम घ्या. असे तीनदा करा आणि तिन्ही आकडे वहीत लिहा, आवडलेला एक नव्हे.

मी या तांदळाची वकील नाही. त्याने रक्तक्षय किती कमी होईल हा प्रश्न वेगळा आहे आणि तो परीक्षानळीत सुटत नाही. नळी सांगते अन्नात किती आहे. अंगाला किती लागते ते नळीला कळत नाही. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. त्यासाठी एक छोटा प्रयोग आहे: लोहाच्या क्षाराच्या पाण्यात कोरा चहा ओता. मिश्रण शाईसारखे काळपट होते. चहातल्या टॅनिनने लोह बांधून घेतले. जेवणावर लगेच चहा घेतला की पोटातही असेच काही होते आणि धान्या-भाजीतले लोह कमी शोषले जाते. लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व उलट मदत करते. भाकरी-भाजीवर लिंबू पिळायला फारसा खर्च येत नाही, आणि शेतावरचा चहा जेवणानंतर तासाभराने घेतला तर कोणाचे काम अडत नाही. घराघरांत हे सांगाल तर मोजमापाचे चीज होईल.

मोडीत टाकलेली लोखंडी कढई बाहेर काढा. आंबट पदार्थ लोखंडात शिजवला की लोह उतरते. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सफरचंदाच्या गराचे लोह शंभर ग्रॅमला ०.३५ मिलीग्रॅमवरून सात मिलीग्रॅमच्या वर गेले होते. आपल्याकडे टोमॅटोची किंवा चिंचेची आमटी अर्धी कढईत, अर्धी स्टीलच्या पातेल्यात करून मुलांनी मोजावी. यापेक्षा सरळ आणि घरच्या उपयोगाचा प्रयोग मला माहीत नाही. भात शिजवून पेज काढून टाकतात, त्या पेजेबरोबर किती लोह जाते? शाळेच्या निळ्या लोह-गोळीत लिहिलेले ६० मिलीग्रॅम खरोखर आहेत का? प्रश्न मुलांनाच काढू द्या.

एका बाबतीत मात्र कडक राहा. अन्नातले लोह मोजणे म्हणजे उपचार नव्हे. मुलगी पांढरी पडली असेल, धाप लागत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा आणि डॉक्टर सांगतील ते करा. नंदुरबार-गडचिरोलीसारख्या भागांत सिकलसेलचा आजार आहे, काही घरांत थॅलेसेमिया असतो. तिथला रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा असेलच असे नाही, आणि न तपासता लोह देत राहणे धोक्याचे ठरू शकते. मुलांचे रक्त शाळेत काढू नका. कोणाचे हिमोग्लोबिन किती, हे वर्गात वाचूनही दाखवू नका.

माजी विद्यार्थ्यांना विनंती: शाळेला भेट द्यायची झाली की आपण पंखे देतो, त्यावर नावे घालतो. एक वर्ष पंखा राहू द्या. क्रुसिबल, चिमटे, डोळ्यांचे चष्मे, शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, शुद्ध आम्लाच्या दोन बाटल्या आणि एक साधा कलरिमीटर द्या. आणि दिल्यावर सहा महिन्यांनी येऊन विचारा की वही कुठे आहे.

कारण शेवटी राहते ती वही. आमच्या वहीत एका पानावर एकच पदार्थ: तारीख, कोणाच्या शेतातला, कोणते वाण, कुठे दळला, अन्नाशिवायच्या नळीचा आकडा, तिन्ही मोजण्या, कोणी मोजले. पुसायला परवानगी नाही. चुकले तर एक रेघ मारून शेजारी लिहायचे. पहिले पान त्या माउलीच्या बाजरीचे आहे. मोजून झाल्यावर तिला निरोप पाठवला, तेव्हा तिने लेकीबरोबर नाचणी पाठवली आणि विचारायला सांगितले, हिच्यात जास्त का तिच्यात.

तर पहिल्या दिवसासाठी एवढेच करा. प्रत्येक मुलीने, प्रत्येक मुलाने घरून मूठभर धान्य आणावे, कोरड्या कागदात बांधून, वर शेताचे आणि वाणाचे नाव लिहून. प्लॅस्टिकची पिशवी चालेल. पत्र्याच्या गंजक्या डब्यातून आणू नये.